सोळाचा डबा

आमच्या बोरीवलीच्या घरात नऊ दिवस अबोला होता आणि टपाल मी वाहत होतो. कापडगिरणीत इतकी वर्षं साचे, म्हणजे माग, सांभाळले, पण एवढी पायपीट तिथेही झाली नव्हती.

भांडणाचं कारण सांगायलाही लाज वाटते. माझा मुलगा सिद्धेश आणि सून श्रुतिका, दोघांची मिळून छोटी कंपनी आहे. रुग्णाच्या हाताची पकड मोजणारं यंत्र त्यांनी बनवलंय. त्यासाठी सुनेनं पवईची पक्की नोकरी सोडली. सिद्धेश ड्रायव्हर लिहितो, श्रुतिका अ‍ॅप. विहीणबाई जेवायला आल्या होत्या, तेव्हा आमचे शहाणे म्हणाले, "खरं काम ड्रायव्हरचं. अ‍ॅप म्हणजे वरची रंगरंगोटी." झालं! तेव्हापासून तो बेडरूममध्ये, ती हॉलमध्ये आणि मी मधल्या पॅसेजमध्ये.

हे ड्रायव्हर प्रकरण मला सुनेनंच समजावलं होतं. कॉम्प्युटरमध्ये कर्नल नावाचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर असतं. ड्रायव्हर आत असतो, अ‍ॅपला आत जायची बंदी. अ‍ॅपनं दारातून रिकामा डबा द्यायचा, ड्रायव्हरनं यंत्राचे आकडे भरून परत करायचा. डबा ठरल्या मापाचा नसला तर रिकामाच परत येतो.

सोमवारी श्रुतिकेनं मला निरोप दिला. "नाना, सांगा तुमच्या दिवट्याला. डॉक्टरांना दोन्ही हातांचे आकडे हवेत, म्हणून आठ बाइटांचा डबा सोळाचा केलाय. रंगरंगोटीवालीला एवढं तरी कळतं म्हणावं!"

असला निरोप तसाच्या तसा कोण देईल? मी पहिल्यापासून तिखट काढूनच पोचवत होतो. दाराशी जाऊन म्हणालो, "ती म्हणते, जेवून घे."

"भूक नाही म्हणावं."

परत हॉलमध्ये आलो. "बरं म्हणाला."

गुरुवारी चार वाजता मुलुंडच्या डॉक्टरीणबाई यंत्र बघायला यायच्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं तर कंपनी गुंडाळायची, हे ठरलेलं. तीन वाजता मी यंत्र जीव खाऊन दाबलं. पडद्यावर शून्य.

"नाना, त्याला विचारा, ड्रायव्हर झोपलाय का?"

"नाना, तिला सांगा, डबा चुकीच्या मापाचा येतोय. आठ ठरलं होतं!"

"सोळा केल्याचं सोमवारीच कळवलंय म्हणावं!"

"मला कुणीही काहीही कळवलेलं नाही म्हणावं!"

दोघं हातभर अंतरावर उभी होती. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"मीच खाल्ला रे तो निरोप," मी म्हणालो. "वाटलं, भांडण वाढेल."

मग नऊ दिवसांनी पहिल्यांदा सून नवऱ्याकडे वळली. "सोळा कर. किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. यंत्र दुसऱ्या हाताचा आकडा पाठवतंच गं, मीच टाकून देत होतो. आधी सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं रे!"

भांडत भांडत दोघं एकाच खुर्चीपाशी वाकली. मला इतकं बरं वाटलं, की डोळेच भरून आले.

डॉक्टरीणबाईंनी चारला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, दोन्ही आकडे उमटले. जाताना दहा यंत्रं सांगून गेल्या.

मी पॅसेजमध्ये अंग चोरून बसलो होतो. हॉलमधून सुनेचा आवाज आला.

"सिद्धेश, तुझ्या वडिलांना सांग, चहा ठेवलाय. त्यात साखर घातलेली नाही आणि घालणारही नाही. आणि जसंच्या तसं सांग, एक शब्द गाळू नकोस."