खंडेनवमीचे लूम

"पुरणाचा नैवेद्य करजो," चपला न काढताच हे म्हणाले. "औंदा लूमची पूजा हाय. मॅनेजर गेट खोलून देऊन राह्यला."

मी पोळ्या लाटत होते, लोकांच्या. हे ज्या कापडाच्या मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर, होते, ती बंद पडून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आमच्या माणसांना गेटापाशी सावलीलासुद्धा कोणी उभं राहू देत नव्हतं. मग आताच मॅनेजरला एवढा पान्हा कुठून फुटला? मी तसं विचारलं, तर हे माझ्यावरच डाफरले. मिल चालू होणार, त्याशिवाय कोणी पूजा करू देतं का, म्हणे.

यांचे धाकटे भाऊ बंडूजी जाम गावाला हायवेवर चहाचं दुकान चालवतात. भाऊ, तुम्ही या, दोघं मिळून धंदा वाढवू, असं ते कधीचे मागे लागले होते. यांचं एकच पालुपद, उद्या मिल चालू झाली तर माझ्या लूमवर दुसरा उभा राहील. त्या उद्यापायी आमच्या लेकीचं, रक्षाचं, कॉलेज सुटलं.

खंडेनवमीला अख्खी मिल लाईन, म्हणजे आमची कामगारांची चाळ, धुतलेले कपडे घालून आत गेली. आमच्याकडची रीत अशी, की बंद लूम पुजायचा नाही, चालवून पुजायचा. त्यासाठी माणसं आठ दिवस आधीपासून राबत होती. तेल घरचं, चिंध्या घरच्या. यांनी माझं जुनं लुगडं फाडून नेलं. गंजलेलं लोखंड त्यांनी घासून लखलखीत केलं. दुपारी वीज सोडली, लूम खडखडले आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू?

मॅनेजरसोबत दोन पाहुणे हिंडत होते. मिलचे नवे मालक असतील, असं लाईनीत सगळे कुजबुजले. म्हणून यांनी आपला लूम त्यांना पुन्हा चालवून दाखवला. मी त्या मेल्यांना आग्रह करकरून पुरणपोळी वाढली.

कोजागिरीच्या आधीच ट्रक आले. ते पाहुणे मिलचे नव्हे, नुसत्या लूमचे गिऱ्हाईक होते. गंजके लूम भंगारात गेले असते, चालते होते म्हणून चांगल्या भावानं गेले. आणि चालते केले कोणी? आमच्याच माणसांनी, फुकट, वरून नारळ फोडून. पोटावर मारलं ते मारलंच, हरामखोरांनी त्यासाठी देव मध्ये घातला.

गेटावर शिव्यांचा पाऊस पडला. मीही मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पहिल्याच ट्रकवर यांचा लूम चढला, हळदकुंकू तसंच होतं. हे ट्रकवर चढायला लागले तसा हमाल आडवा आला.

"थांब गड्या," हे त्याला म्हणाले. "मी अडवून नाई राह्यलो. पूजेचं कुंकू हाय, ते इकाले नाई जाऊ देत."

हमाल बाजूला झाला. यांनी सदऱ्याच्या बाहीनं लूम पुसला. रगडून पुसला, खाचांमध्ये बोटं घालून पुसला. मग खाली उतरले, बाही कोपरापर्यंत लाल झालेली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बंडूले सांगजो," म्हणाले, "चहा कराले येतो."