रूपालीच्या नावाची मूठ

"डोळ्यांत अजून विष आण, रूपाली! सुनेचा थरकाप उडाला पाहिजे!"

वीस वर्षांपूर्वीचा दिग्दर्शकाचा तो आवाज आजही भरदुपारी रूपालीच्या कानात घुमे. तेव्हा ती टीव्हीवरची दुष्ट सासू होती, घराघरांत पोचलेली. आता खानदेशातल्या ब्राह्मणपुरी गावात, धाकट्या भावाच्या माडीवर, ती नुसती होती. बाया फोटो काढायला येत, गप्पांना नाही. नव्या सुनांना तिच्या सावलीपासून दूर नेत. केळीची पानं तेवढी तिच्याशी सळसळत.

श्रावणात कानबाईचा सण आला. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेकाच्या नावानं मूठभर गहू काढायचे, ही घराची रीत. भावजय काजल नावं घेत सुपात गहू टाकत होती. नवऱ्याचं, योगेंद्रचं झालं, लेकरांची झाली. "झालं," म्हणत तिनं सूप उचललं.

उंबरठ्यावरची रूपाली पुढे झाली. तिनं सुपाकडे हात नेला.

"हात लागू देऊ नका वं!" शेजारची बेबीबाई ओरडली. "टीव्हीमा सुनले इख पाजेल शे तिनी!"

"बेबी!" म्हाताऱ्या जसोदाकाकू कडाडल्या. "तुन्हा नवरा दोधू दरसाल रामलीलामा रावण व्हस ना? सीता पळवी म्हनीसन त्याले पोलिसमा देस का? उलट दोन भाकरी जास्त वाढस!"

बाया खो-खो हसल्या. बेबीबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपेना.

"तो सोंग करस तं कलाकार, नि हाई करस तं कैदाशीन? पोटसाठे काम करं तिनी!" जसोदाकाकूंनी सुनावलं.

खरंच, मंडळी, किती सहज आपण बाईच्या कामावरून तिचा स्वभाव ठरवून मोकळे होतो! पडद्यावरचं पाप खरं मानतो आणि दारातलं एकटं माणूस आपल्याला दिसत नाही. कष्टानं जगलेल्या बाईला तिच्याच घरात परकं करणं, हे सोंग नव्हे, हा खरा अन्याय आहे!

बेबीबाई पुढे आली. "चुकनू, ताई," एवढंच पुटपुटली.

काजल मात्र रडवेली झाली होती. "ताई, मी त्यासाठी नाही वगळलं हो. दिवाळीनंतर शूटिंग आहे, परत जायचंय, असं तुम्हीच दर वर्षी सांगता. पाहुण्याच्या नावानं मूठ कशी काढू?"

रूपाली काजलजवळ येऊन बसली. इतकी वर्षं घासूनपुसून बोललेली मराठी एकाएकी गळून पडली.

"शूटिंग नही शे, काजल. चार वरीस व्हयनात, कोन्हा फोन नही. मी खोटं बोलनू. माले आठेच, या घरमाच ऱ्हावानं शे."