माझ्या झाकणावर जवळा

मी एक जुना प्रीॲम्प आहे. निदान मला तसं वाटतं. माझी पत्र्याची पेटी तर नवीकोरी, मुलुंडला एका जेवणाच्या टेबलावर जोडलेली. पण पेटीतली काचेची नळी, जिला व्हॉल्व्ह म्हणतात, ती फार जुनी. तिने आधीचं आयुष्य कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरमध्ये काढलं. मग माझं वय नळीचं धरायचं की पेटीचं? मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला जमलं तर ठरवा, मित्रांनो.

मला बनवलं श्रेयसने. तो ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी सोल्डरिंग करत बसतो. त्याची बायको रेवती ताटं घेऊन उभी असायची आणि टेबलावर मी पसरलेला असायचो. माझं काम काय, हे त्याने तिला समजावलं तेव्हा मीही कान देऊन ऐकलं. गिटारचा आवाज वायरीतून अगदी बारीक होऊन येतो. मी तो मोठा करायचा, त्याचे टोचणारे कोपरे गोल करायचे आणि पुढे ॲम्प्लिफायरकडे द्यायचा.

"म्हणजे आवाज हा काढत नाही?" रेवतीने विचारलं.

"नाही."

"आणि ऐकवतही नाही?"

"नाही गं. हा मधला आहे."

"मग नसला तर काय बिघडतं?"

श्रेयसने चपातीचा तुकडा मोडला आणि विषय बदलला. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याकडेच राहिला आहे.

श्रेयसच्या ऑफिसात भाविका नावाची मुलगी होती, खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिचा एकच हट्ट होता. हळदीला बँडबरोबर तिच्या पप्पांनी स्टील गिटार वाजवायची. तिचे पप्पा हरेश्वरकाका तरुणपणी होडीवर जायचे आणि सवड मिळेल तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. त्यामुळे सूर तुटत नाही, घसरत घसरत पुढच्या सुरावर जातो. काकांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जळून भंगारात गेला होता. नव्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून गिटार वाजली की काका म्हणायचे, "डब्यात माशी अडकल्यावानी वाटतं." त्यात त्यांच्या बोटांचे सांधेही सुजायला लागले होते. शेवटी त्यांनी गिटार कपाटावर टाकली. भाविकाने हे सगळं श्रेयसला सांगितलं आणि श्रेयसने मला जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्याकडे दिलं.

दांड्यात पोहोचलो आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. काकांनी वायरी जोडल्या, बटण दाबलं, तार छेडली. आवाजच नाही. माझी नळी तापायला थोडा वेळ लागतो, हे भाविका सांगायला विसरली होती.

"बंद पडलेला आणलास काय गो?" काका म्हणाले आणि खरंच बंद पडलाय का बघायला त्यांनी माझ्या झाकणावर तळवा ठेवला. झाकण कोमट व्हायला लागलं होतं. त्यांनी दुसराही तळवा ठेवला. सुजलेल्या बोटांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी हात लवकर उचलले नाहीत. मग पुन्हा तार छेडली, तर आवाज आला. भरीव, गोल, जरासा झोपेतून उठल्यासारखा. स्वयंपाकघरात भाविकाच्या आईच्या, पार्वतीकाकींच्या, हातातलं भांडं तसंच राहिलं.

"हा आवाज माज्या लग्नाच्या वक्ताचा हाय," त्या म्हणाल्या.

मला खूप आनंद झाला. पण लगेच गोंधळही झाला. आवाज सुधारला तो माझ्यामुळे, की काकांचे हात मोकळे झाले म्हणून? काका मात्र त्या दिवसापासून रोज तसंच करू लागले. आधी मला चालू करायचं, दोन्ही तळवे झाकणावर ठेवून बसायचं आणि मगच गिटार मांडीवर घ्यायची.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि काकी बाजारात सुकी मासळी विकतात. दमट हवेने जवळा सादळतो, म्हणजे मऊ पडतो आणि खराब होतो. जवळा म्हणजे ती सुकवलेली इवलीशी कोळंबी. घरात कोरडी, ऊबदार जागा शोधत काकी फिरत होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

मित्रांनो, त्यांनी जवळ्याची पिशवी माझ्या झाकणावर ठेवली. काका वाजवून उठले तरी त्या मला चालूच ठेवायच्या. जवळा झकास कुरकुरीत राहिला. शेजारच्या माणिकमावशी येऊन म्हणाल्या, "मना पन आसा एक डबा मागवून दे." मी संगीताचं यंत्र आहे की मासळी शेकायचा डबा, हे मला कळेना. दोन्ही कामांत माझं कौतुक होत होतं, त्यामुळे तक्रार तरी काय करणार? पिशवीला बारीक भोकं होती आणि माझ्या झाकणालाही आहेत. त्याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

दिवाळी झाली, जवळा डब्यात भरून माळ्यावर गेला आणि हळद जवळ आली. एका सकाळी काका वाजवत असताना आवाजात करकर सुरू झाली. सूर मध्येच तुटू लागला. काकांनी वायरी बदलल्या, पुन्हा वाजवलं, पुन्हा करकर. त्यांनी कांडी खाली ठेवली आणि उजेडात हात धरून बघत राहिले.

"हात गेले माजे," ते म्हणाले. "कांडी थरथरते, तारेवर खडखडते. ही करकर माजीच हाय."

"पप्पा, बॉक्समध्ये काहीतरी झालं असेल ना. मी श्रेयसला विचारते."

"बॉक्स नवा हाय गो. जुना मी हाय."

मी नवा की जुना हे मलाच माहीत नव्हतं आणि काकांनी ते किती खात्रीने सांगितलं! मला ओरडावंसं वाटलं की करकर तुमची नाही, माझ्या पोटात काहीतरी टोचतंय. पण मधल्याला स्वतःचा आवाज नसतो. काकांनी बँडवाल्यांना निरोप पाठवला की गिटारचं गाणं कीबोर्डवर वाजवा. गिटार परत कपाटावर गेली. भाविका त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी काका जाळी विणायला किनाऱ्यावर गेल्यावर भाविकाने मला चालू केलं आणि श्रेयसला फोन लावला. तेवढ्यात काकी बाहेरून आल्या आणि दारातच थांबल्या.

"जवळा कोन भाजतंय?"

"कोणीच नाही. का?"

"वास येतोय. जवळा तर माळ्यावर हाय."

काकी वास घेत घेत खोलीभर फिरल्या आणि माझ्यापाशी वाकल्या. वास माझ्याच झाकणाच्या भोकांतून येत होता.

श्रेयसने फोनवर सांगितलं तसं भाविकाने प्लग काढला. मी पूर्ण गार होईपर्यंत दोघी थांबल्या. मग झाकण उघडून भाविकाने नळी सरळ वर ओढली. नळीच्या पायांवर, म्हणजे तिच्या बुडाच्या पिनांवर, जवळ्याचा भुगा आणि मिठाचा पांढरा थर बसला होता. काकींनी दागिने घासायचा मऊ ब्रश आणला आणि नाकातली नथ घासावी तितक्या जपून एकेक पाय साफ केला. सगळं झाल्यावर त्या तशाच किनाऱ्यावर गेल्या. तिथे त्या काकांना काय म्हणाल्या, ते भाविकाने नंतर कितीदा तरी सांगितलं. "हात तुमचे जाग्यावर हायेत. जवळा माजा होता."

करकर खरोखरच गेली. काकांनी बँडवाल्यांना पुन्हा निरोप दिला.

हळदीच्या संध्याकाळी मला मांडवात एका स्टुलावर ठेवलं होतं. काकांनी लेकीला हळद लावली, हात घाईने पुसले आणि नेहमीसारखे माझ्यावर ठेवले. मग वाजवायला बसले.

पहिला लांब सूर आला आणि मला धडकी भरली. करकर नव्हती. पण सुरात थरथर होती. म्हणजे कांडी खरंच थरथरत होती! काकांचं तेवढं म्हणणं खरं होतं. आणि माझं काम तर मिळेल ते मोठं करणं. टोचणारे कोपरे मी गोल करू शकतो, थरथर लपवणं मला येत नाही. सगळ्या दांड्यासमोर मी काकांचे म्हातारे हात मोठे करून दाखवत होतो. काकांनाही ते ऐकू आलं. त्यांनी हाताकडे बघितलं, मग भाविकाकडे बघितलं. आणि पुढचा सूर त्यांनी मुद्दाम जास्तच लांबवला, थरथरीसकट. नाचणारे थांबले. भाविका हळदीच्या गालांनी रडायला लागली.

मी काकांची लाज राखली की घालवली, हे मला त्या वेळी कळलं नाही. आजही कळत नाही. भाविका आता घाटकोपरला सासरी असते. रोज सकाळी काका तिला फोन लावून तोच सूर ऐकवतात आणि ती तिकडून म्हणते, "पप्पा, अजून एकदा." मी मध्ये बसून असतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. मला उघडण्याआधी प्लग काढा आणि गार होऊ द्या. माझ्या नळीचे पाय कोरडे ठेवा. जवळा दुसरीकडे ठेवा, काकींनी तर आता माळ्यावर वेगळी जागाच केली आहे. फक्त पुसायला घ्याल तेव्हा झाकण सोडून द्या. त्यावर हळदीचे दोन पिवळे पंजे उमटलेले आहेत, एकाची बोटं जरा वाकडी आहेत. तेवढे राहू द्या.