कबुतरांचा बाप

माझा मेहुणा गोमार शर्यतीची कबुतरं पाळायचा, आणि त्यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. आमच्या फ्लँडर्समध्ये, बेल्जियमच्या या भागात, असले शौकीन गल्लोगल्ली सापडतात. पण घरात दम्याची पोर असताना माळ्यावर कबूतरखाना थाटणारा मी हा एकच पाहिला.

त्याची मुलगी फीन नऊ वर्षांची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पिसांची धूळ घरात नको, आणि बरं वाटलं तरी सकाळ-संध्याकाळचा दम्याच्या औषधाचा पंप चुकवायचा नाही. गोमारने महिन्याभरातच तो पंप कपाटात टाकला.

"धाप लागत नाही आता. कशाला सवय लावायची?"

"लागत नाही, कारण ती पळतच नाही," मी म्हणाले.

"नाजूक आहे जरा. तुमच्या घराण्याचं आहे ते, ताई."

माझी बहीण ग्रीट मान खाली घालून बटाटे सोलत राहिली. जोरात हसलं की खोकल्याची उबळ येई, म्हणून फीन ओठ मिटून नुसती नाकातून फुसफुसायची. गोमारला वाटे, पोरगी समजूतदार आहे.

वसंतातल्या एका रविवारी मी गेले, तर गोमार माळ्यावर. लाडकं कबूतर शिंकलं म्हणून सुट्टीच्या दिवशी जनावरांचा डॉक्टर बोलावून झाला होता. आता हा चोच उघडून थेंब घालत होता. "बरं वाटलं तरी औषध सोडायचं नाही हं, राजा!"

आणि खाली जिन्यात फीन बसलेली, खांदे वर ओढून, श्वासाश्वासाला शिट्टी वाजतेय. तिच्या दप्तरातला दुसरा, धाप लागली की ओढायचा निळा पंप काढून मी तिला दिला. श्वास मोकळा झाल्यावर म्हणाले, "हिला डॉक्टरकडे नेते. तिथून माझ्याकडेच."

गोमार जिन्यावरून ओरडला, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कबुतरं फार छान पाळतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरात ग्रीटने सुरी खाली ठेवली. "तिचे कपडे घेते," ती म्हणाली, "आणि माझेही."

मला वाटलं होतं, तो निदान आडवा येईल. तो वर गेला. थेंब अर्धेच घालून झाले होते ना!

आता फीनचे दोन्ही वेळचे पंप ग्रीट स्वतः बघते. पोरगी शाळेच्या फुटबॉलमध्ये गुडघे फोडून घेते आणि शिव्याही शिकली आहे. गोमार महिन्यातून एकदा येतो. पिसांनी भरलेला कोट मी त्याला दाराबाहेरच काढायला लावते, पाऊस असला तरी. तो कुडकुडत आत येतो आणि मुलीला सांगत बसतो, या वेळी वारा उलटा होता, नाहीतर पहिला नंबर आपलाच.