उभ्या मोटारीची बॅटरी

उमरग्यात दिवेलागण झाली हे कळायला आभाळाकडं बघावं लागत नसे. महालिंगप्पा आडत्याच्या परसातल्या पत्र्याच्या शेडातून मोटारीचा हॉर्न वाजायचा. एकदाच, पण लांबलचक. मोटार मात्र जागची हलत नव्हती. तिची चाकं विटांवर चढवून ठेवली होती आणि टपावर कोंबड्या बसत. आमच्या गावची माणसं मोठी शूर. दिवसा त्या हॉर्नची टवाळी करायची आणि उन्हं कलल्यावर त्या बोळातून जायची वेळ आली की लांबचा वळसा घ्यायची. लेकुरवाळ्या बाया आवाज आला की पदर पोराच्या कानावर ओढत.

हॉर्न वाजवायची ती शरणम्मा, महालिंगप्पाची बायको. रझाकारीच्या दिवसांत त्यांचा एकुलता एक सिद्धलिंग निजामाच्या राज्यातून निसटून सोलापूरच्या हद्दीकडं पायीच निघाला होता. मोटार नेली असती तर पहिल्याच नाक्यावर अडवली असती. एरवी तो बाहेरगावाहून परतला की वेशीपासून हॉर्न वाजवत यायचा आणि शरणम्मा तव्यावर भाकरी टाकायची. त्या दिवशी निघताना तो हसत म्हणाला, "या टायमाला तूच वाजव, अव्वा. दिस मावळला की वाजव. वाट चुकलो तर आवाजावर येईन."

निजाम गेला. उमरगा हैद्राबादेकडून मुंबईकडं गेलं, तिथून महाराष्ट्रात आलं. सिद्धलिंग आला नाही. शरणम्मानं एक संध्याकाळ चुकवली नाही.

आता उभ्या मोटारीची बॅटरी टिकवायची म्हणजे खायचं काम नाही. धावणारी गाडी आपली बॅटरी आपण भरते. उभ्या गाडीची बसून बसून मरते. महालिंगप्पा दर महिन्याला ती काढायचा, एस.टी.च्या टपावर चढवून सोलापूरला धाडायचा आणि भरून आली की पुन्हा बसवायचा. अ‍ॅसिडानं त्याची दोन धोतरं चाळणी झाली. लोक म्हणत, म्हातारा बायकोच्या मुठीत आहे. म्हणोत. महालिंगप्पाला तो हॉर्न ऐकवत नसे. वाजला की तो दात आवळून धरायचा, आणि महिना भरला की पुन्हा बॅटरी काढायला वाकायचा.

आणखी एक काम तो न चुकता करायचा. हॉर्न वाजून शरणम्मा चुलीकडं गेली की मोटारीच्या बॉनेटवर पणती लावायचा. अमावास्येला गाडी पुजायची रीत आपल्याकडं आहेच. हा रोज पुजतो, एवढाच काय तो फरक, असं शरणम्मा समजून चालली होती.

मग एका वर्षी हॉर्नचा आवाज बसला. सोलापूरहून भरून आलेली बॅटरी आठ दिवसांतच मान टाकू लागली. शरणम्मा बटण दाबायची आणि आतून कुणीतरी गळा धरल्यासारखं घरघरायचं. तिचा जीव थाऱ्यावर राहिना.

"अवो, आवाज बसलाय त्याचा," ती नवऱ्याला म्हणाली. "येशीपतूर तरी जाईल का? लेकरू वाट चुकंल."

"बगतो," महालिंगप्पा म्हणाला. ती हॉर्नबद्दल बोलत होती की पोराबद्दल, हे त्याला कळलं नाही आणि विचारायची छातीही झाली नाही.

गावात तेव्हा नुकतीच वीज आली होती आणि हमरस्त्याला राघवेंद्रनं बॅटरीचं दुकान थाटलं होतं. माणूस बोलका, बोलता बोलता माल खपवणारा. निरोप गेला तसा तो दोन यंत्रं पोत्यात घालून परसात हजर झाला.

"आप्पा, नवी बॅटरी तर लागंलच," तो म्हणाला. "पन ती सांबाळायला यंत्र कंचं घेता त्यावर हाय सगळं. ह्ये थोरलं. एका दिवसात भरतंय. पन राखन बसाय लागतं. इसरलात तर आतलं पानी उकळून बॅटरी खलास. आन ह्ये धाकटं. ह्याला घाई न्हाय. दोऱ्यागत बारीक करंट सोडतंय. लावून ठिवा, दिसरात राहू द्या, फिकीर न्हाय. उभ्या गाडीचं आजारी मानसावानी असतंय. उपाशी ठिवलं तरी मरती, कोंबलं तरी मरती. घोट घोट पाजाय पायजे."

"मग धाकटंच द्या," शरणम्मा म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं. "घोट घोट पाजनारं."

राघवेंद्र तारा धरून बॉनेटशी गेला आणि थबकला. पणतीचा काळा वण त्यानं बोटानं पुसून पाहिला. "हितं दिवा लावता का, आप्पा?"

"रोज," महालिंगप्पा म्हणाला.

"मग आजपास्नं बंद. चार्जिंग चालू असलं की बॅटरीतनं ग्यास निघतो. वर दिवा असला की भडकंल, बॅटरी फुटंल. आजवर सोलापुरास्नं भरून येत व्हती म्हून निभावलं. आता दिवा तरी ठिवा न्हायतर यंत्र तरी. दोनी एका जागी नकोत."

"त्यात काय एवढं?" शरणम्मा म्हणाली. "दिवा तुळशीपाशी ठिवू."

"दिवा हलायचा न्हाय."

स्वतःच्या आवाजाची महालिंगप्पालाच भीती वाटली. इतकी वर्षं त्या मोटारीपायी त्यानं बायकोचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. राघवेंद्र शहाणा, तो पोतं उचलून ओट्यावर जाऊन बसला.

"का हलायचा न्हाय?" शरणम्मानं विचारलं.

तो टपावरच्या कोंबड्या हुसकू लागला.

"अवो, मी काय इचारते? कशाचा दिवा हाय त्यो?"

महालिंगप्पानं मोटारीचं दार उघडलं. स्टिअरिंगशेजारी एक छोटा कप्पा होता. तो चावीनं उघडून त्यानं रुमालाची घडी बाहेर काढली. आत चांदीची डबी होती, गळ्यात घालायच्या दोऱ्यासकट. सिद्धलिंगाचं इष्टलिंग. जन्मल्यावर शरणम्मानंच ते त्याच्या गळ्यात बांधलं होतं. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जीव असेतोवर उतरत नाही आणि जीव गेल्यावर त्याच्याबरोबर मातीत जातं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पैल्याच वर्षी आलं," महालिंगप्पा म्हणाला. "नळदुर्गाकडचा कोंडीराम म्हून शेतकरी हाय, त्यानं आनून दिलं. वढ्याच्या काठी घावला म्हनं आपला सिदू. त्यानंच माती दिली. आपली रीत त्याला ठावं न्हाय, वळख पटावी म्हून ह्ये काढून घेतलं आन इचारत इचारत आपल्या दारी आला. तू तवा तापानं फणफणली व्हतीस. म्हनलं, उठलीस की सांगू. उठलीस ती थेट मोटारीतच जाऊन बसलीस. मग आज सांगू, उद्या सांगू..."

शरणम्मा रडली नाही. तिनं डबी हातात घेतली आणि मोटारीच्या आत, आपल्या रोजच्या जागेकडं पाहिलं. हॉर्नचं बटण आणि तो कप्पा यांच्यात वीतभराचं अंतर होतं.

"म्हंजी त्यो आला व्हता," ती म्हणाली. "मी रोज येशीकडं तोंड करून त्याला हाका मारत व्हते. आन त्यो माज्या मांडीला मांडी लावून बसला व्हता. व्हय ना?"

महालिंगप्पानं रिकामा कप्पा चावीनं बंद केला.

"आन लिंगाबिगर मातीत ठिवलात त्याला? इतकी वर्सं? तुमचा जीव कसा झाला वो?"

झाला नव्हताच. तेवढ्यासाठी तर तो दिवा होता. पण हे तिला काय सांगणार?

तिनं ओट्यावरच्या राघवेंद्रला यंत्रं घेऊन जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्रियाकर्म करणाऱ्या जंगमस्वामींना बरोबर घेऊन दोघं एस.टी.नं नळदुर्गाकडं गेली. कोंडीराम आता थकला होता, पण ओढ्याकाठची जागा त्यानं न चुकता दाखवली. बाभळीखाली दोन दगड त्यानं स्वतः राखले होते. तिथं उकरून, विभूती आणि बेलाचं पान वाहून, शरणम्मानं लिंग आपल्या हातानं मातीत ठेवलं. मग ती तिथंच बसून ओरडून ओरडून रडली. महालिंगप्पानं शेडातली पणती बरोबर आणली होती, ती त्या दोन दगडांपाशी लावली. परतताना शरणम्मा एस.टी.त त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली.

त्यानंतर हॉर्न वाजला नाही. गावाला आधी बरं वाटलं. मग दिवेलागणीला लोक उगीच ओट्यावर येऊन उभे राहू लागले. शरणम्मा जेवू लागली, शेजारणीशी बोलू लागली. पण महालिंगप्पाचं बिनसलं. आडतीच्या दुकानात सौदा चालू असताना दिवस मावळला की त्याचे कान टवकारायचे आणि दात आपसूक आवळले जायचे. वाजेल, आता वाजेल. काहीच वाजत नसे. घास तोंडात फिरायचा. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न झाला तरी तो ताडकन उठून बोळाच्या तोंडाशी जायचा.

शेवटी एक दिवस तो राघवेंद्रच्या दुकानात गेला.

"त्ये धाकटं यंत्र हाय का अजून?"

"हाय की. पन दिवा, आप्पा?"

"दिवा न्हाय आता तितं," महालिंगप्पा म्हणाला. "नवी बॅटरी बी द्या."

त्यानं ती स्वतः बसवली, तारा जोडल्या. यंत्र मधमाशीसारखं बारीक गुणगुणत राहिलं. एका संध्याकाळी शरणम्मा चुलीपाशी असताना तो शेडात गेला. इतक्या वर्षांत तो त्या मोटारीच्या आत कधी बसला नव्हता. सीटला शरणम्माच्या बसण्याचा खड्डा पडला होता, त्यात तो अवघडून बसला. पोरगं गेलं हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण बायको रोज हाक मारत होती, तोवर मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात ते वाटेवर होतं. आता त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

त्यानं बटण दाबलं. आवाज खणखणीत निघाला, थेट वेशीच्या पलीकडं गेला. बोळातली दारं धडाधड लागली.

शरणम्मा पिठाच्या हातांनी शेडाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"कुनाला बोलवताय?" तिनं विचारलं.

त्यानं पुन्हा बटण दाबलं.