पुढे पळणारी घड्याळं

लेकीचं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले होते, आणि बाबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

"बाबा, माझी नुसती तारांबळ उडते आहे. हे कामासाठी परगावी, महिन्यातून एकदा तोंड दाखवतात. काही महिने येऊन राहाल का? मुलांपाशी आणखी एक माणूस असलं तरी पुष्कळ."

फोनवर बाबांच्या तोंडून 'हं' आणि 'बरं' यांपलीकडे काही निघत नाही, म्हणून तिनं पत्र लिहिलं होतं. बाबांनी उत्तरं लिहिली आणि फाडली. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची हयात गेलेली. स्वतःच्या वाक्यात त्यांना चुकांशिवाय काही दिसतच नसे. 'येतो' लिहावं, तर आपला उपयोग काय? धड चहा करता येत नाही, मुलांशी काय बोलावं ते सुचत नाही. 'जमणार नाही' लिहायला हात धजेना. शेवटी दोन सदरे घेऊन ते स्वतःच तिच्या दारात उभे राहिले.

"इकडे जरा काम होतं. चार दिवस राहीन म्हणतो."

"बरं झालं आलात," लेक म्हणाली. पत्राचा विषय तिनं काढला नाही, बाबांनीही नाही.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सकाळची पाळी असल्यानं मुलं शाळेतून यायच्या आत ती घरी पोचायची. पण मध्यंतरी दोनदा उशीर झाला होता. "आणखी एकदा झाला तर संध्याकाळची पाळी घ्यावी लागेल," असं लॅबच्या मॅडमनी बजावलं होतं. भाजी चिरता चिरता तिनं हे सांगितलं, आणि बाबा "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरात एकटे असताना त्यांच्या लक्षात आलं, इथलं एकही घड्याळ बरोबर नाही. स्वयंपाकघरातलं पुढे, न्हाणीबाहेरचं त्याहून पुढे, मुलांच्या खोलीतलं तर पळतच सुटलेलं. बिचारीला घड्याळाकडे बघायलाही फुरसत नाही! बाबांचे हात शिवशिवले. स्टूल ओढून त्यांनी मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम सगळे काटे जुळवले, काचासुद्धा पुसल्या. आपण कोणाच्या तरी कामी आलो, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं. सांगितलं मात्र नाही. आपली बढाई आपणच काय मारायची?

सकाळी लेकीच्या अंगात वारं भरलेलं. हातात मुलीची, पिटुकलीची वेणी, दातांत रिबीन, आणि पायानं ती मुलाचा, ढब्बूचा बूट त्याच्याकडे सरकवत होती.

"आई, एकच मोजा आहे!"

"मग एक पाय घरी ठेव. दूध पी आधी."

"साय आहे त्यात."

"डोळे मिटून पी."

तिनं मान वर करून घड्याळ पाहिलं आणि चक्क खाली बसली. "आज वेळ आहे की," म्हणत वेणी सोडून पुन्हा नीट घालायला लागली. बाबांना भरून आलं.

खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. ती खिडकीशी धावेपर्यंत बस वळणाआड गेलीसुद्धा.

"इतक्या लवकर कशी आली?" पिशवीच्या तळातून तिनं मोबाइल काढला, मग भिंतीकडे पाहिलं. "घड्याळाला कुणी हात लावला?"

"आजोबांनी," ढब्बू म्हणाला. "काल आमच्या खोलीत घड्याळाखाली स्टूल होतं."

"सगळी पुढे होती," बाबा पुटपुटले. "मी बरोबर केली."

"मीच ठेवली होती हो बाबा! सगळी वेगवेगळी, म्हणजे खरे किती वाजले याचा विचार करत बसायला नको. बघायचं नि धावायचं."

दोन्ही मुलांचे हात धरून ती शाळेच्या दिशेनं धावलीच.

दुपारी आली ती चपला न काढता खुर्चीत बसली. "सोमवारपासून संध्याकाळची पाळी. मुलं घरी येतील तेव्हा मी नसणार. मी येईन तेव्हा ती झोपलेली."

ओरडली असती तर बरं, असं बाबांना वाटलं. "मी मॅडमना सांगू का? चूक माझी..."

"काय सांगणार? घड्याळं बरोबर केली म्हणून?" तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिनं मनगटानं डोळे पुसले. मग स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे काटे पुढे ढकलायला लागली. मध्येच थांबली. "हे किती पुढे होतं तेही आठवत नाही मला. आणि आता उपयोग तरी काय!" पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही उद्या निघणार ना?"

'राहतो' एवढाच शब्द हवा होता.

"बघू," बाबा म्हणाले.

सकाळी ती कामावर गेल्यावर त्यांनी पिटुकलीच्या वहीतलं पान घेतलं. 'तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. मी राहतो. दुपारपासून मुलं माझ्यापाशी असतील. दूध उतू न घालवता कसं तापवायचं, तेवढं दाखव.' तीन शब्द खटकत होते. त्यांनी ते तसेच राहू दिले. पाकिटावर ते ज्या घरात बसले होते तिथलाच पत्ता घातला. ओट्यावर ठेवता आलं असतं, पण मग ती त्यांच्यादेखत वाचणार, आणि काहीतरी बोलावं लागणार.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. ते आत पडल्याचा आवाज आला आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हे पोचेपर्यंत सोमवार उलटून जाणार. त्यांनी फटीत हात घालून पाहिला. तो मनगटापाशीच अडकला.