माशाच्या पोटातलं कार्ड

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, सुकलेला मासा आहे. इतक्या वर्षांत मला कोणी खाल्लं नाही, कारण मला नोकरी आहे. हेरिम नावाच्या मुलीच्या घरच्या छोट्या पांढऱ्या गाडीत, मागच्या सीटच्या वरच्या कडीला, पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळून मला टांगलेलं आहे. गाडीला अपघात होऊ नये, कोणाची वाईट नजर लागू नये, यावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. माझे डोळे मिटत नाहीत. पहारेकऱ्याला आणखी काय लागतं?

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला कारणही आहे. थंड समुद्रात मी मजेत पोहत होतो. एक दिवस समोर आयता घास लटकताना दिसला. कोण देतंय, का देतंय, काही विचारलं नाही. गपकन तोंड मारलं आणि गळाला लागलो! पुढे इंजे नावाच्या थंड गावाच्या डोंगरात लाकडी मांडवावर आम्हा हजारोंना टांगलं. रात्री बर्फात गोठायचं, दुपारी उन्हात पुन्हा मऊ पडायचं, असा अख्खा हिवाळा काढला. तेव्हापासून फुकट काही दिसलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

हेरिमच्या आईने मला बाजारातून निवडून आणलं. गाडी नवी कोरी दाराशी आली, त्या दिवशी तिने चाकांवर तांदळाची दारू शिंपडली, वाकून नमस्कार केला आणि मला टांगलं. हेरिमचे बाबा हसत म्हणाले, "अगं, विमा भरलाय मी."

"तो कागद आहे," आई म्हणाली. "हा डोळे उघडे ठेवतो."

काय सांगू, माझी छाती फुगली! एकदा बर्फावर गाडी घसरून गर्रकन फिरली, पण कोणाला खरचटलंसुद्धा नाही. घरी आल्यावर आईने माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

मग गेल्या वसंतात बाबा वारले. गाडी दाराशी उभीच राहिली. माझ्या डोळ्यांवर धूळ बसली, तरी कोणी पुसेना. मला वाईट वाटलं, पण त्या घरात कोणाला माझ्याकडे बघायचं भान होतं?

पानगळ सुरू झाली तेव्हा हेरिमला काम मिळालं. डोंगरातल्या गावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायचं, त्यांना अंघोळ घालायची, जेवू घालायचं. तिकडे बस कधीतरीच जाते. गाडी नाही तर काम नाही. सोमवारी पहिला दिवस, आणि गाडीचा विमा संपत होता रविवारी! आजवर तो बाबांच्या नावावर होता. हेरिम पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने घेणार, म्हणून कंपनीने भलतीच रक्कम सांगितली. मायलेकी गाडीत बसूनच त्यावर बोलत होत्या.

"एवढ्यात तर वर्षाचा तांदूळ येईल!" आई कडाडली.

"एकदम नाही भरायचे गं. क्रेडिट कार्ड घेते ना मी. थोडं थोडं जाईल. सहा हप्ते, व्याज शून्य."

"शून्य? का? ते काय तुझे मामा लागतात?"

शाब्बास, मी मनात म्हटलं. बिनव्याजी म्हणजे गळावरचा घासच की!

पण पोरीने ऐकलं नाही. चार दिवसांनी कार्ड पोचवणारा माणूस दाराशी आला. मी काचेतून डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

"ओळखपत्र दाखवा, आजी."

"आजी कोणाला म्हणतोस? आधी तुझं दाखव."

त्याने गळ्यातलं दाखवलं. आईने ते उन्हात धरून पाहिलं. "फोटोत केस जास्त आहेत."

"गेल्या वर्षीचा आहे तो."

"एका वर्षात एवढे गेले? खरं सांग, कोण आहेस तू?"

शेवटी हेरिमने धावत येऊन सही केली, तेव्हा तो बिचारा सुटला. आईने पाकीट फोडून कार्ड हातात घेतलं. पातळ, गुळगुळीत, चकचकीत. आणि वास? अजिबात नाही. ज्याला वासच नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा!

शनिवारी आई एकटीच गाडीत आली. इकडेतिकडे बघून तिने बाहीतून ते कार्ड काढलं, माझा दोरा सैल केला आणि माझ्या पोकळ पोटात सरकवून दिलं. "धर याला," ती पुटपुटली. "बाहेर येऊ देऊ नकोस." मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चोर माझ्याच कोठडीत!

रविवारी दुपारी हेरिमने गाडी उलटीपालटी केली. पायपुसणी झटकली, सीटखाली हात घातले. आई पुढच्या सीटवर पिशवीचा बंद पिळत बसली होती.

"त्या माणसानेच काहीतरी केलं असणार," हेरिम म्हणाली. "तू म्हणत होतीस ते खरं होतं, आई."

तिने कार्डवाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "हरवल्याची नोंद केली तर हे कार्ड बंद होईल. नवीन यायला आठवडा लागेल."

हेरिमने फोन ठेवला आणि डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. "उद्याच्या त्या आजोबांना उठून बसताही येत नाही. ते वाट बघतील माझी. नकोच ते काम. नाही म्हणून कळवते, म्हणजे दुसरं कोणी तरी जाईल."

तिने परत फोन उचलला. तेव्हा आई म्हणाली, "थांब."

"काय?"

"माशाच्या पोटात बघ."

हेरिमने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. तिने माझा दोरा सैल केला आणि पोटातून कार्ड काढलं. "तू? आई, मी त्या माणसाला चोर ठरवलं! आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस?"

"ऐकत होते." आईचा आवाज बारीक झाला. "तुझ्या बापानेही असंच सांगितलं होतं. थोडं थोडं जाईल, कळणारही नाही. मग एका कार्डाचं भरायला दुसरं घेतलं, दुसऱ्याचं भरायला तिसरं. वह्या-पेन्सिलींचं दुकान गेलं आपलं. तू तेव्हा लहान होतीस. घरातल्या कात्रीने मी एकेक कार्ड कापलं आणि तो समोर बसून रडत होता."

"मी बाबा नाही, आई."

"माहीत आहे मला. पण तू 'थोडं थोडं' म्हणालीस ना, तेव्हा तुझ्या तोंडून तोच बोलला. मला कार्डाची भीती नाही वाटली गं. तुझी वाटली."

मित्रांनो, तेव्हा माझी चूक मला कळली. मला वाटत होतं, आईचा संशय आणि माझा संशय एकच. तसं नव्हतं. मी परक्यावर संशय घेत होतो. ती पोटच्या पोरीवर घेत होती, आणि तो तिलाच आतून जाळत होता.

हेरिमने फोनवर विम्याचं पान उघडलं आणि कार्ड आईच्या हातात दिलं. "नंबर तू वाच. मी टाइप करते."

आईने चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मग फोनकडे बोट केलं. "हे काय विचारतंय?"

"एकरकमी की हप्ते. तूच दाब."

आईने सहावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. "विमा सोडून दुसरं काही नाही. कॉफीसुद्धा नाही. सहावा हप्ता गेला की मी कात्री आणणार."

"कबूल. तोवर कार्ड ठेवायचं कुठे?"

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. हेरिम रोज डोंगर चढू-उतरू लागली. पगार झाला की ती आईला फोन दाखवायची आणि हप्ता गेलेला बघून आई हुश्श करायची. एकदा पोरीला मोह झाला. कार्ड घेऊन ती कॉफीच्या दुकानात गेली आणि पाचच मिनिटांत लालबुंद होऊन परत आली. काउंटरवरच्या मुलीने म्हणे कार्ड हातात घेतलं आणि लगेच नाक दाबलं. कॉफी रोख पैशांत घ्यावी लागली! आईला कळलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

सहावा हप्ता गेला तेव्हा बाहेर चेरी फुलली होती. आई गाडीत आली. हातात कात्री. मी मनात म्हटलं, चला, आज न्याय होणार.

तिने कार्ड काढलं, हुंगलं, पदार्थाची चव बघितल्यासारखी मान हलवली. मग कात्री उघडली आणि कचकन माझाच दोरा कापला! माझं धाबं दणाणलं. झालं, म्हटलं, म्हातारा झालो, आता कचऱ्यात. पण तिने ओल्या फडक्याने माझे डोळे पुसले, कार्ड परत माझ्या पोटात सरकवलं आणि वरून नवा पांढरा दोरा गुंडाळू लागली.

"आई! कापायचं होतं ना ते?" हेरिम दारात उभी होती.

"कापायचं? आणि पुढच्या वर्षीचा विमा कोण भरणार, वरून तुझा बाप येणार?" आईने गाठ मारली, मग लेकीला हळूच म्हणाली, "कार्ड तुझ्याकडेच राहू दे. आता मला झोप लागते."

मित्रांनो, मी अजूनही त्या कार्डावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही आयता घास दिसला की आधी दहा प्रश्न विचारा. पण घरच्या माणसाबद्दल शंका आली, तर ती माझ्यासारख्या मुक्याच्या पोटात लपवू नका. त्याच्याजवळच बोला. आणि हो, अधूनमधून माझे डोळे पुसत जा. आता मला दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं आहे.